लिटरमागे सात रुपये कशाचे?

पंपावर गाडी लावली की काच पुरती खाली जाण्याआधीच प्रश्न येतो, ‘साहेब, पॉवर टाकू का?’ कंपनीनुसार नाव बदलतं. कुठे स्पीड, कुठे एक्सपी ९५, कुठे व्ही-पॉवर. पण आपल्याकडे ‘पॉवर’ हे आता सगळ्यांचंच घरगुती नाव झालंय. प्रश्न विचारायची पद्धत मात्र मोठी हुशारीची. एका बाजूला पॉवर, दुसऱ्या बाजूला साधं. नव्या गाडीचे हप्ते चालू असतात, शेजारच्या सीटवर सासरेबुवा बसलेले असतात आणि अशा वेळी ‘साधंच टाक’ म्हणताना आवाज जरा खालीच येतो.

२०२५ साली मुंबईत साधं पेट्रोल १०३ रुपये ५० पैशांच्या आसपास होतं आणि ९५ ऑक्टेनचं प्रीमियम त्याहून साधारण सात रुपयांनी महाग. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल तर १६० रुपयांच्या घरात. इंडियन ऑइलने ते १ डिसेंबर २०२० ला देशातल्या दहा शहरांत आणलं तेव्हा त्यात मुंबई आणि पुणे दोन्ही होती. हे वरचे पैसे देऊन टाकीत नेमकं काय जास्त पडतं?

ताकद जास्त पडत नाही, हे आधी सांगून टाकतो. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ऊर्जा नव्हे. दाबाखाली आपणहून पेट न घेता ठिणगीची वाट पाहत थांबायची पेट्रोलची तयारी किती, ते या आकड्यावरून कळतं. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आलं की दट्ट्या ते दाबतो. आजच्या गाड्यांत दहा-बारापट दाबणं सर्रास झालंय. दाबलं की मिश्रण तापतं. मग प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. ती पोचायच्या आतच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने स्वतःच भडकलं, तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. बाहेर टकटक, खडखड ऐकू येते. मेकॅनिकच्या भाषेत इंजिन ‘नॉक’ करतं. हे फार काळ चाललं तर दट्ट्याचं डोकं जळतं, रिंगा तुटतात.

मे महिन्यातलं कोकण, गाडीत पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी पूर्ण जोरात आणि कशेडीचा जुना घाट चौथ्या गिअरमध्ये चढायचा हट्ट. नॉकिंग हवं असेल तर याहून चांगली सोय कुठली नाही.

मोजपट्टीचा इतिहास छोटा पण मजेशीर आहे. १९२६ मध्ये ग्रॅहॅम एडगर या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने दोन द्रवांची जोडी निवडली. आयसोऑक्टेन जवळपास नॉक करत नाही, त्याला शंभर. नॉर्मल हेप्टेन लगेच नॉक करतं, त्याला शून्य. पंपावरचं ९१ ऑक्टेन म्हणजे ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांचं मिश्रण जितकं टिकेल तितकं टिकणारं पेट्रोल. त्याच्या पाच वर्षं आधी, डिसेंबर १९२१ मध्ये, थॉमस मिजली यांना शिशाचं एक संयुग सापडलं होतं. थेंबभर घातलं की नॉकिंग बंद. या स्वस्त युक्तीची किंमत जगाने फुप्फुसांनी आणि रक्ताने मोजली. भारतात शिसेविरहित पेट्रोल १९९५ च्या एप्रिलमध्ये मुंबईसह चार महानगरांत आलं आणि देशभरातून शिसं हद्दपार व्हायला फेब्रुवारी २००० उजाडलं. आज ऑक्टेन वाढवण्याचं काम रिफायनरीतल्या प्रक्रिया करतात, आणि इथेनॉल करतं. त्याकडे पुढे येऊच.

ऑक्टेन म्हणजे ताकद असती, तर मुंबई-पुण्यातली प्रत्येक सीएनजी रिक्षा द्रुतगती मार्गावर बीएमडब्ल्यूला मागे टाकून गेली असती. सीएनजीची नॉक न करण्याची क्षमता पेट्रोलच्या मापात १२० च्या वर भरते. तरी तीच गाडी पेट्रोलवरून सीएनजीवर टाकली की चढावर दम लागतो, हे प्रत्येक टॅक्सीवाला सांगेल.

मग चढं ऑक्टेन कुणाच्या कामाचं? ज्या इंजिनाची रचनाच ते गृहीत धरून केली आहे, त्याच्या. टर्बो इंजिन हवा आधीच कोंबून आत घेतं, त्यामुळे दाब आणि उष्णता दोन्ही जास्त. अशा इंजिनात ठिणगी थोडी लवकर पाडता आली तर त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं, पण लवकर ठिणगी म्हणजे नॉकिंगचा धोका. इथे चढं ऑक्टेन इंजिनाला मोकळीक देतं. इंजिनावर बसवलेला नॉक सेन्सर सतत कान लावून असतो. खडखड कानावर आली की गाडीचा संगणक ठिणगी काही अंशांनी मागे ओढतो, खडखड थांबते, पण पिकअप आणि अॅव्हरेज दोन्ही थोडे उतरतात. त्यामुळे ९५ मागणाऱ्या गाडीत एखाद्या वेळी ९१ भरलं म्हणून इंजिन फुटत नाही, गाडी नुसती जरा मंदावते. उलट ९१ वर बेतलेल्या साध्या इंजिनात ९५ भरलं, तर संगणकाला ठिणगी आणखी पुढे न्यायची मुभाच दिलेली नसते. सात रुपये आले तसे एक्झॉस्टमधून निघून जातात.

तुमची गाडी यातली कुठली, हे पंपावरच्या पोऱ्याला विचारायची गरज नाही. पेट्रोल टाकीचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला स्टिकर असतो, नाहीतर गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तीन तऱ्हा दिसतात. नुसतं ९१ लिहिलं असेल तर विषय संपला. किमान ९५ लिहिलं असेल, जसं अनेक परदेशी महागड्या गाड्यांत असतं, तर तिथे काटकसर करू नये, तीस-चाळीस लाखांच्या गाडीत ती शोभतही नाही. खरी चर्चा मधल्या तऱ्हेची: ९१ चालेल, ९५ भरल्यास बरं.

या मधल्या गटावर अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेने २०१७ मध्ये चाचण्या केल्या. जिथे प्रीमियम सक्तीचं नाही, फक्त सुचवलेलं आहे, अशा गाड्यांत प्रीमियमने सरासरी २.७ टक्के अॅव्हरेज आणि १.४ टक्के ताकद वाढली. त्याच्या आदल्या वर्षी याच संघटनेने साध्या पेट्रोलच्या गाड्या तपासल्या, तेव्हा फायदा काहीच आढळला नव्हता. अशा गाड्यांत विनाकारण प्रीमियम भरून अमेरिकी चालक वर्षाला २१० कोटी डॉलर उडवतात, असा त्यांचा हिशेब होता. तिथली सरकारी यंत्रणाही या बाबतीत कडक होती. १९९६ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने एक्सॉनवर तक्रार गुदरली, कारण त्यांच्या चढ्या ऑक्टेनने देखभालीचा खर्च कमी होतो या दाव्याला पुरावा नव्हता. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि बहुतेक गाड्या साध्या पेट्रोलवर नीट चालतात, हे कंपनीला स्वतःच्या जाहिरातीतून सांगावं लागलं. (मुलाकडे न्यू जर्सीला गेलेले आईबाबा तिथल्या पंपावर ८७ चा आकडा पाहून ‘आपल्यापेक्षा हलकं पेट्रोल’ म्हणतात. तिथे दोन पद्धतींच्या मापांची सरासरी लिहितात. त्यांचं ८७ म्हणजे आपलं ९१-९२.)

आता आपल्या खिशाचा हिशेब. वर्षाला १२,००० किलोमीटर, अॅव्हरेज १५, म्हणजे ८०० लिटर. लिटरमागे सात रुपयांनी वर्षाला ५,६०० रुपये जास्त. हे पैसे अॅव्हरेजमधून वसूल व्हायचे तर गाडीने पंधराच्या जागी सोळा द्यायला हवेत, म्हणजे जवळजवळ सात टक्के वाढ. अमेरिकेतल्या चाचणीत अनुकूल गाड्यांतही ती तीन टक्क्यांच्या आत राहिली. शंभर ऑक्टेनला तर त्याच गाडीने तेवीस द्यायला हवेत. तेवढा अॅव्हरेज नुसत्या पेट्रोलने मिळाला असता तर कंपन्यांनी पंपापुढे रांगा लावण्यासाठी वेगळी माणसं नेमली असती.

त्या सात रुपयांतही सगळे काही कंपनीचे नसतात. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात साध्या पेट्रोलवर मूळ उत्पादन शुल्क लिटरला १ रुपया ४० पैसे आणि ब्रँडेडवर २ रुपये ६० पैसे ठेवलं होतं. तो सव्वा रुपयाच्या आसपासचा फरक, त्यावर महाराष्ट्राचा २५ टक्के व्हॅट. व्हॅट टक्क्यांत असल्यामुळे भाव जितका चढा तितका कर जास्त. या हिशेबाने सातातले अडीच रुपयांवर सरकारजमा होतात. सिंधुदुर्गातली मंडळी यावर स्वतःचा तोडगा काढून बसली आहेत. गोव्यात साधं पेट्रोल २०२५ मध्येही शंभरीच्या आत होतं, म्हणजे पत्रादेवीच्या पलीकडे जाऊन प्रीमियम भरलं तरी ते जवळपास सावंतवाडीच्या साध्याच्या भावात पडत होतं.

प्रीमियमच्या बाजूने बोलायचं तर एक मुद्दा खरा आहे, तो म्हणजे त्यातल्या साफ करणाऱ्या रसायनांचा. पेट्रोल जळताना इंजेक्टरवर, व्हॉल्व्हवर थर बसतो, मेकॅनिक त्याला ‘कार्बन धरलाय’ म्हणतात. साफ करणारं रसायन पुरेशा प्रमाणात असेल तर हा थर कमी राहतो, आणि ट्रिपल एच्या २०१६ च्या दुसऱ्या एका अभ्यासात चांगलं रसायन असलेल्या आणि नसलेल्या पेट्रोलमध्ये व्हॉल्व्हवरच्या थरात १९ पटींचा फरक दिसला होता. पण तिथे तुलना साधं विरुद्ध प्रीमियम अशी नव्हती. तिथल्या टॉप टिअर मानकाप्रमाणे हे रसायन कंपनीच्या प्रत्येक प्रतीच्या पेट्रोलमध्ये घालावं लागतं. स्वच्छता ऑक्टेनबरोबर फुकट येत नाही, ती वेगळी घालावी लागते आणि साध्यातही घालता येते. शिवाय ज्या नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तिथे ते आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हला स्पर्शच करत नाही. त्या व्हॉल्व्हवरचा थर कितीही महाग पेट्रोलने धुतला जाणार नाही, इंजेक्टर मात्र स्वच्छ राहतील.

आणि आता इथेनॉल. देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं गेलं. त्यामागे महाराष्ट्रातला ऊस आणि साखर कारखानेही आहेत, हे वेगळं सांगायला नको. पेट्रोलियम मंत्रालयाने त्या वर्षी ऑगस्टमध्ये दिलेल्या खुलाशानुसार इथेनॉलचं ऑक्टेन १०८.५ च्या आसपास असतं, आणि २० टक्के मिश्रणामुळे पेट्रोल ९१ वरून ९५ पर्यंत पोचतं. म्हणजे साध्या नोझलमधूनच ९५ येत असेल, तर ९५ च्या फलकाखाली सात रुपये जास्त घेताना ग्राहकाला नेमकं काय विकलं जातंय, हे कंपन्यांनी पंपावर ठळक लिहायला हवं. उत्तर ‘रसायन’ असेल तर रसायन म्हणा, प्रमाण सांगा. आज मिळते ती चमकदार रंगाची पाटी.

लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे जुन्या गाड्यांचा अॅव्हरेज उतरतो ही तक्रार काल्पनिक नाही. मात्र त्यावर उपाय म्हणून ९५ चं प्रीमियम भरणाऱ्यांची फसगत होते, कारण त्यातही इथेनॉल असतं. इथेनॉल टाळायचं म्हणून काही हौशी मालक शंभर ऑक्टेनकडे वळले आहेत. महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या जुन्या पद्मिनीसाठी तो खर्च मी समजू शकतो. रोज कल्याण-ठाणे करणाऱ्या हॅचबॅकसाठी नाही.

एवढ्यावरही ज्यांना ‘पॉवर टाकलं की गाडी पळते’ असं मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी तपासणी सोपी आहे. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, आकडा लिहा. नेहमीचा रस्ता, नेहमीचा एसी, टायरमधली हवा सारखी. साध्याच्या किमान तीन टाक्या, मग प्रीमियमच्या तीन. प्रीमियमची पहिली टाकी हिशेबात धरू नका, तळाशी जुनं पेट्रोल असतं. पावसाळ्याची उन्हाळ्याशी तुलना नको, आणि गणपतीच्या आठवड्यातली टाकी तर मुळीच नको, मुंबई-गोवा महामार्गावर त्या दिवसांत कुठलंच पेट्रोल पळत नाही.