वैज्ञानिक पायथन आणि संगणकाची 'गेज' : विंडोज, लिनक्स व मॅकवरील इन्स्टॉलेशनचा विचार

प्रस्तावना

गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र व वाणिज्य या विषयांच्या अध्यापनात पायथन या संगणकीय भाषेचा वापर आता महाविद्यालयीन स्तरावर होऊ लागला आहे. ही भाषा सोपी आहे व विनामूल्य आहे. तरीही पुष्कळदा पहिले एक-दोन तास भाषा शिकण्यात न जाता ती संगणकावर बसविण्यातच जातात. ज्याचा संगणक नवा, त्याचे काम लगेच होते. ज्याचा जुना, त्याच्या पडद्यावर लाल अक्षरांत सूचना येतात आणि 'हा विषय आपल्याला जमणारा नाही' असा समज तो करून घेतो. वस्तुतः दोष त्याच्या बुद्धीचा नसतो. प्रस्तुत लेखात ही अडचण का येते आणि अध्यापकाने ती वर्गापूर्वीच कशी दूर करावी, याचा विचार केला आहे.

रुळांचे उदाहरण

मध्य प्रदेशातील सौंसर तालुक्यात रामाकोना हे गाव आहे. हा मराठी बोलणारा परिसर २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होता. त्या वर्षी तो नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आला. नागपूर-छिंदवाडा लोहमार्गावर रामाकोना हे स्थानक आहे. २०१५ पर्यंत हा मार्ग नॅरोगेज होता. नॅरोगेजच्या दोन रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, तर ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर. नॅरोगेजचा डबा कितीही उत्तम असला तरी तो ब्रॉडगेजवर चालत नाही. जेथे दोन गेज एकत्र येतात तेथे माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागतो. माल तोच राहतो, डबा बदलतो.

वैज्ञानिक पायथनची स्थिती नेमकी अशीच आहे. केवळ पायथन भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम हा मालासारखा आहे. तो बहुधा कोणत्याही संगणकावर चालतो. परंतु मोठ्या आकडेमोडीसाठी वापरली जाणारी नमपाय व सायपाय ही पॅकेजेस तशी नाहीत. वेग साधावा म्हणून त्यांचा गाभा सी, सी प्लस प्लस व फोरट्रान यांसारख्या भाषांत लिहिलेला आहे. तो भाग त्या त्या संगणकाच्या यंत्रभाषेत आधी रूपांतरित करावा लागतो. असे रूपांतर झालेली फाईल म्हणजे ठरावीक गेजचा डबा होय.

हा डबा चालण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोसेसर आणि पायथनची आवृत्ती. यांपैकी एक जरी जुळली नाही तरी इन्स्टॉलेशन अडते.

थोडा इतिहास

पायथनसाठी 'न्यूमेरिक' हे पॅकेज १९९५ मध्ये जिम ह्युगुनिन यांनी तयार केले. सायपायचा आरंभ २००१ मध्ये झाला. न्यूमेरिक व त्यानंतरचे 'नमॲरे' या दोहोंना एकत्र आणून ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी २००६ मध्ये नमपायची पहिली पूर्ण आवृत्ती दिली. आलेख काढणारे मॅटप्लॉटलिब जॉन हंटर यांनी २००३ मध्ये उपलब्ध केले.

त्या काळात अनेकदा वापरणाऱ्यालाच कंपायलर मिळवून हे रूपांतर करावे लागे. लिनक्सवर ते तुलनेने सोपे होते, विंडोजवर फोरट्रानमुळे अवघड. तयार डबे पोहोचविण्यासाठी 'व्हील' नावाचा फाईल-प्रकार २०१२ मध्ये मांडण्यात आला. लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांवर चालेल अशा व्हीलचा मार्ग २०१६ मध्ये मोकळा झाला. पायथनच्या अधिकृत भांडारात सायपायचे विंडोजसाठीचे व्हील प्रथम आले ते ऑक्टोबर २०१७ मधील १.० या आवृत्तीबरोबर, म्हणजे आरंभानंतर सोळा वर्षांनी. दरम्यान २०१२ पासून ॲनाकोंडा या संचाने सर्व पॅकेजेस एकत्र देऊन बऱ्याच अध्यापकांची अडचण दूर केली होती.

विंडोज

पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाईल घेऊन इन्स्टॉल करताना पहिल्याच पडद्यावर 'पाथ'मध्ये पायथन जोडण्याची चौकट असते. ती टिक न केल्यास पुढे 'पायथन' ही आज्ञा संगणकाला सापडत नाही किंवा मायक्रोसॉफ्टचे स्टोअर उघडते. पायथन बसल्यावर 'पिप' या साधनाने नमपाय, सायपाय व मॅटप्लॉटलिब मागवावीत. इंटेलचा प्रोसेसर असूनही व्हीलच्या नावात 'एएमडी६४' असे दिसते, त्याने गोंधळून जाऊ नये. ६४ बिटच्या दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसरसाठी ते एकच नाव आहे.

जुन्या संगणकांचा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या पायथन ३.९ पासून विंडोज ७ वर पायथन बसत नाही. अशा संगणकावर ३.८ हीच शेवटची आवृत्ती चालते आणि तिच्यासोबत नमपाय १.२४ व सायपाय १.१० यांपुढे जाता येत नाही. पायथन ३.८ ची अधिकृत देखभाल २०२४ मध्ये संपली आहे. म्हणून जेथे शक्य असेल तेथे अशा संगणकावर हलके लिनक्स बसविणे अधिक हिताचे.

लिनक्स

उबंटू, डेबियन अथवा डेबियनवर आधारलेली सी-डॅकची 'बॉस' प्रणाली यांत पायथन बहुधा आधीच असते. वैज्ञानिक पॅकेजेस 'ॲप्ट' या साधनाने मागविल्यास ती त्या प्रणालीशी जुळलेलीच मिळतात. मात्र २०२३ मधील डेबियन १२ व उबंटू २३.०४ पासून पिपने थेट प्रणालीच्या पायथनमध्ये पॅकेज टाकू दिले जात नाही. ही चूक नसून संरक्षण आहे, कारण प्रणालीची स्वतःची कामेही त्याच पायथनवर चालतात. अशा वेळी 'व्हेन्व्ह' वापरून स्वतंत्र कप्पा तयार करावा व पिप त्यात चालवावा. जबरदस्तीचा पर्याय वापरू नये.

मॅक

ॲपलने २०२० च्या अखेरीस स्वतःचे प्रोसेसर असलेले संगणक आणले. त्यामुळे मॅकसाठी दोन गेज झाल्या : इंटेल आणि ॲपल. मॅकओएसबरोबर मिळणारे जुने पायथन २.७ हे २०२२ मधील १२.३ या आवृत्तीत काढून टाकण्यात आले. म्हणून मॅकवर पायथन वेगळे बसवावे व ते प्रोसेसरला अनुरूप आहे, याची खात्री करावी.

संगणक कक्षाची पूर्वतयारी

जेथे इंटरनेट मंद आहे तेथे वीस संगणकांवर वीस वेळा डाउनलोड करण्याची गरज नाही. एका संगणकावर पिपच्या 'डाउनलोड' आज्ञेने सर्व व्हील एका फोल्डरमध्ये उतरवून घ्यावीत, तो फोल्डर पेन ड्राइव्हवर न्यावा आणि इतर संगणकांवर इंटरनेटऐवजी त्याच फोल्डरमधून इन्स्टॉल करण्याची सूचना पिपला द्यावी. त्या सर्व संगणकांची गेज मात्र एकच हवी. इन्स्टॉल झालेला कप्पा उचलून दुसऱ्या संगणकावर नेल्यास तो सहसा चालत नाही. माल न्यावा, रूळ उखडून नेऊ नयेत.

पायथनची अगदी ताजी आवृत्तीही घाईने घेऊ नये. तिच्यासाठी सर्व पॅकेजेसची व्हील तयार होण्यास काही काळ लागतो; एक आवृत्ती मागे राहणे सुरक्षित असते. ॲनाकोंडा वापरणाऱ्या संस्थांनी तिच्या परवान्याच्या अटी वाचाव्यात, कारण २०२० पासून मोठ्या संस्थांसाठी त्या बदलल्या आहेत. मिनीफोर्ज हा त्याला खुला पर्याय आहे.

मार्गदर्शनाची सोय

आयआयटी मुंबई येथील फॉसी हा प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरच्या शैक्षणिक वापरासाठी काम करतो आणि पायथन हा त्याचा एक प्रमुख भाग आहे. तेथील एरोस्पेस अभियांत्रिकीचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी निर्माण केलेले 'मायावी' हे त्रिमिती आलेखांचे पॅकेज जगभर वापरले जाते. त्याच संस्थेत प्रा. कन्नन मौदगल्य यांनी सुरू केलेल्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात मराठीतूनही पाठ उपलब्ध आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना ते विशेष उपयोगी पडतील.

समारोप

हे सर्व सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि त्याची प्रत विद्यार्थ्याला देणे पूर्णतः कायदेशीर आहे. मोठ्या शहरातील संशोधक जे साधन वापरतो तेच रामाकोन्यातील विद्यार्थ्याच्या हाती येऊ शकते. ही समानता पहिल्याच तासाला एका लाल सूचनेमुळे हिरावली जाऊ नये. त्यासाठी अध्यापकाने वर्गाच्या आधी प्रत्येक विद्यार्थ्याकडून तीन उत्तरे लिहून घ्यावीत : ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, प्रोसेसर कोणता व किती बिटचा, आणि पायथनची आवृत्ती कोणती. गेज आधी कळली की गाडी अडत नाही, आणि कोणी स्थानकावर मागेही राहत नाही.