टाकी सरकारी, तपासणार कोण?

एखाद्या पेट्रोल पंपावर सकाळी लवकर गेलात तर एक दृश्य पाहायला मिळते. पंपावरचा कामगार जमिनीतले लोखंडी झाकण उघडतो, आतल्या नळीत एक लांब मोजकाठी सोडतो, ती वर काढून पेट्रोलची ओल कुठपर्यंत आली ते पाहतो आणि वहीत आकडा लिहितो. काठीच्या टोकाला कधी कधी एक प्रकारची पेस्ट लावलेली असते. टाकीच्या तळाशी पाणी साचले असेल तर तिचा रंग बदलतो. आपण हवा भरून निघून जातो; पण त्या काठीकडे थोडे थांबून पाहायला हवे. कारण आपल्या पायाखाली काही हजार लिटर इंधन भरलेली टाकी असते आणि तिच्याविषयी आपल्याला जे कळते ते बहुतांशी या काठीसारख्या साधनांमधूनच.

अशा टाक्या केवळ व्यापाऱ्यांच्याच नसतात. एसटीच्या आगारात गाड्यांना डिझेल भरणारा पंप तुम्ही पाहिला असेल. सैन्यदले, पोलीस, नगरपालिका यांनाही इंधन साठवावे लागते. आता प्रश्न असा, की टाकी सरकारची, नियम सरकारचे आणि तपासनीसही सरकारचाच, तर तपासणी होते कशी? अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर फार महाग पडले. ती हकीकत सांगण्यापूर्वी, न दिसणारी टाकी तपासतात तरी कशी, ते समजून घेऊ.

काठी, वही आणि तपमान

समजा, एक टाकी ३८,००० लिटरची आहे. आडव्या ठेवलेल्या पिंपासारखी, व्यास सुमारे अडीच मीटर, लांबी आठ मीटर. ती निम्मी भरली असताना आतल्या पेट्रोलचा पृष्ठभाग सुमारे २० चौरस मीटर होतो. काठीवरचे वाचन ३ मिलिमीटरने चुकले तर हिशेबात किती फरक पडेल? गुणाकार करून पाहा : ६० लिटर! डोळ्यांनी काठी वाचणाऱ्या माणसाकडून एवढी चूक सहज होते.

आता टाकीला एक बारीक छिद्र आहे असे धरा. त्यातून ताशी केवळ ०.३८ लिटर, म्हणजे चहाचे तीन-चार कप, एवढे पेट्रोल झिरपते आहे. दिवसाला नऊ लिटर झाले. पातळी अर्धा मिलिमीटरसुद्धा उतरणार नाही. काठीला हे कळणे शक्यच नाही. पण वर्षाच्या शेवटी तीन हजार तीनशे लिटर पेट्रोल मातीत गेलेले असेल.

म्हणून वहीचा उपयोग. आज टाकीत किती होते, टँकरने किती ओतले, पंपातून किती विकले आणि उरले किती, हे रोज लिहायचे आणि महिन्याच्या शेवटी ताळा करायचा. काठीच्या चुका कधी जास्त, कधी कमी अशा असतात. त्या महिनाभरात बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात. गळती मात्र नेहमी एकाच बाजूची असते. ती साठत जाते. अमेरिकेच्या नियमांत या ताळ्याला थोडी सूट दिलेली आहे : महिन्यात टाकीतून गेलेल्या इंधनाच्या एक टक्का, अधिक १३० गॅलन. (अमेरिकी गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर.) फरक त्याहून मोठा आला तर मालकाला कारण शोधावे लागते. ऐंशी हजार लिटर विकणाऱ्या पंपाला ही सूट जवळजवळ तेराशे लिटरची होते. एवढी मोठी सूट म्हणजे चाळणीच, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, आणि म्हणूनच ही पद्धत एकटी पुरेशी धरत नाहीत.

मग टाकीत विद्युत यंत्र बसवून पातळी सतत अचूक मोजायची. काम झाले? नाही! इथे पदार्थविज्ञान आडवे येते. द्रव तापला की प्रसरण पावतो हे तुम्ही शिकला आहात. पेट्रोलचे प्रसरण पाण्यापेक्षा कितीतरी अधिक; तपमान एक अंश सेल्सिअसने वाढले तर हजार लिटरमागे सुमारे ०.९५ लिटर. आपल्या ३८,००० लिटरच्या टाकीत तपमान एका तासात केवळ एक शतांश अंशाने उतरले, तर आकारमान किती घटेल? ०.३६ लिटर. म्हणजे आपल्या छिद्रातून तासाला जेवढे गळते जवळजवळ तेवढेच! यंत्राला वाटेल टाकी गळते आहे, आणि टाकी तर नुसती थंड होत असेल. उलट टाकी किंचित तापत असेल तर खरी गळती झाकली जाईल. म्हणून टाकीच्या घट्टपणाची परीक्षा घेताना वेगवेगळ्या खोलीवरचे तपमान मोजतात आणि टँकर नुकताच रिकामा झाला असेल तर पेट्रोल स्थिर होईपर्यंत थांबतात. ताशी ०.१ गॅलनची, म्हणजे आपल्या उदाहरणातल्याएवढीच, गळती या परीक्षेत सापडली पाहिजे, असा तिथला दंडक आहे.

गंजाला चकवा

पोलादी टाकीचा मोठा शत्रू म्हणजे गंज. ओल्या मातीत पुरलेले पोलाद म्हणजे एक प्रकारचा विद्युतघटच. काही ठिकाणचे लोह इलेक्ट्रॉन सोडून विरघळू लागते आणि तिथे छिद्र पडते. यावर उपाय असा, की टाकीला तारेने जस्ताचा किंवा मॅग्नेशियमचा ठोकळा जोडून तो शेजारी पुरायचा. हे धातू लोहापेक्षा सहज इलेक्ट्रॉन देतात. ठोकळा झिजतो, टाकी वाचते. ही युक्ती हंफ्री डेव्हीने १८२४ साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी सुचवली होती. गंमत अशी, की तांबे विरघळायचे थांबले आणि जहाजाच्या तळाला समुद्रातले शिंपले भराभर चिकटू लागले, कारण विरघळणारे तांबेच त्यांना दूर ठेवत होते!

तुम्हीही हे करून पाहू शकता. दोन लोखंडी खिळे घासून स्वच्छ करा. एकाला शाळेच्या प्रयोगशाळेतली जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळा आणि दोन्ही खिळे मिठाच्या पाण्याच्या वेगवेगळ्या पेल्यांत ठेवा. दोन-तीन दिवसांनी दोन्ही पेल्यांचा रंग पाहा.

तपासनीस टाकी उकरून पाहत नाही. तो मातीवर तांबे आणि मोरचूद यांचे एक प्रमाण विद्युतअग्र टेकवतो, व्होल्टमीटरची दुसरी तार टाकीला जोडतो आणि वाचन घेतो. ते उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहूनही अधिक ऋण असले तर संरक्षण चालू आहे असे समजायचे. दर तीन वर्षांनी ही चाचणी व्हावी लागते.

याशिवाय तो झाकणे उघडून बरेच काही पाहतो. टँकरची नळी जिथे जोडतात तिथे सांडलेले इंधन धरून ठेवणारे भांडे असते. त्याला चीर गेली आहे का? त्यात पावसाचे पाणी साचले आहे का? टाकी काठोकाठ भरण्याआधी प्रवाह बंद करणारी झडप आहे ना? कुणी तिच्यात काठी अडकवून ती निकामी तर केली नाही? (टँकर लवकर रिकामा व्हावा म्हणून असे उद्योग करणारे लोक असतात.) आणि मग तो कागद मागतो. गेल्या बारा महिन्यांचे गळती-तपासणीचे कागद. माझ्या मते या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. टाकी आज कशी आहे हे झाकण उघडून कळते. वर्षभर तिच्याकडे कुणी लक्ष दिले की नाही, हे कागदच सांगतात.

एवढी दक्षता कशासाठी? एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम. त्यात एक टक्का बेंझीन धरले तर सात ग्रॅम. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला पाच मायक्रोग्रॅम आहे. हे सारे बेंझीन भूजलात मिसळले, तर एक लिटर पेट्रोल सुमारे चौदा लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवील.

सरकारी टाक्यांची यादी

अमेरिकेत १९८४ साली या टाक्यांसाठी कायदा झाला आणि १९८८ मध्ये सविस्तर नियम आले. जुन्या उघड्या पोलादाच्या टाक्या एकतर सुधारा, बदला, नाहीतर बंद करा, असे मालकांना सांगितले गेले. त्यासाठी २२ डिसेंबर १९९८ ही अखेरची तारीख होती. आजवर तिथे साडेपाच लाखांहून अधिक गळतींची नोंद झाली आहे.

२००५ साली कायद्यात भर पडली. प्रत्येक टाकीची जागेवर जाऊन निदान तीन वर्षांतून एकदा तपासणी झालीच पाहिजे, असे ठरले. आणि सरकारी टाक्यांसाठी आणखी एक गोष्ट केली गेली. राज्य सरकारांच्या आणि नगरपालिकांसारख्या संस्थांच्या ज्या टाक्या नियमांत बसत नाहीत, त्यांची यादी प्रत्येक राज्याने करायची : टाकी कुठे आहे, मालक कोण, शेवटची तपासणी कधी झाली, ती नियमांत आणण्यासाठी काय केले. आणि ही यादी लोकांना पाहायला खुली ठेवायची. केंद्र सरकारच्या खात्यांनाही आपापल्या टाक्यांचा अहवाल द्यावा लागला. खाजगी मालकाला दंडाची भीती असते. एका सरकारी खात्याने दुसऱ्याला दंड केला तर पैसा शेवटी या खिशातून त्या खिशात जातो. लोकांसमोर नाव येण्याची भीती मात्र सरकारी खात्यालाही असते.

पण या जाळ्यातून एक फार मोठा मासा सुटला होता.

लाल टेकडीच्या पोटात

हवाई बेटांतल्या ओआहू बेटावर पर्ल हार्बर हे आरमाराचे बंदर आहे. तिथून काही किलोमीटर आत रेड हिल, म्हणजे लाल टेकडी, नावाचा ज्वालामुखीच्या खडकाचा डोंगर आहे. १९४० ते १९४३ या काळात त्याच्या पोटात आरमाराने वीस टाक्या खोदल्या. प्रत्येक टाकी उभी, ७६ मीटर उंच आणि ३० मीटर रुंद. आत पंचवीस मजली इमारत उभी राहील एवढी. खडकाला काँक्रीटचे आणि त्याच्या आत सुमारे ६ मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याचे अस्तर. एकेका टाकीत पावणेपाच कोटी लिटर इंधन! ते उतारावरून आपोआप बंदराकडे वाहत जाई. बांधकामाचा हा चमत्कारच होता, यात शंका नाही. अडचण एकच होती. टाक्यांच्या तळाखाली सुमारे ३० मीटरवर बेटाचे गोडे भूजल होते.

आपला मघाचा हिशेब इथे करून पाहा. टाकीचा पृष्ठभाग ७३० चौरस मीटर. म्हणजे पातळीतला एक मिलिमीटर म्हणजे ७३० लिटर. तपमानातला एक शतांश अंश म्हणजे सुमारे चारशे लिटर. ताशी ०.१ गॅलनच्या गळतीचा दंडक इथे लावणार कसा? कारखान्यात तयार करून पुरलेल्या टाक्यांसाठी जी साधने होती, ती जागेवरच बांधलेल्या अशा अवाढव्य टाक्यांना चालत नव्हती. म्हणून १९८८ च्या नियमांत त्यांना गळती-तपासणीतून तूर्त वगळण्यात आले. हे 'तूर्त' २०१५ पर्यंत चालले. जी टाकी तपासायला सर्वांत अवघड आणि गळली तर सर्वांत घातक, तिलाच सूट मिळाली!

जानेवारी २०१४ मध्ये, दुरुस्तीनंतर नुकत्याच भरलेल्या पाचव्या क्रमांकाच्या टाकीतून सुमारे २७,००० गॅलन, म्हणजे एक लाख लिटर इंधन नाहीसे झाले. दुरुस्तीचे काम सदोष होते आणि ते तपासण्यातही ढिलाई झाली होती. पुढच्या वर्षी आरमार, केंद्राची पर्यावरण संस्था आणि हवाई राज्याचे आरोग्य खाते यांच्यात सुधारणांचा करार झाला.

तरीही ६ मे २०२१ रोजी इंधन एका टाकीत सोडताना नळात अचानक दाब वाढला आणि सांधे फुटले. आरमाराने सुरुवातीला सांगितलेला आकडा सुमारे १,६०० गॅलनचा होता. प्रत्यक्षात सुमारे २०,००० गॅलन बाहेर पडले होते. बाकीचे गेले कुठे? आग विझवणाऱ्या यंत्रणेच्या एका निचऱ्याच्या प्लॅस्टिक नळात ते शिरले आणि तिथेच साचून राहिले. हिशेबातला फरक सहा महिने सुटला नाही आणि त्या काळात भाराने नळ वाकत होता.

२० नोव्हेंबर २०२१ रोजी बोगद्यातून जाणाऱ्या छोट्या गाडीचा धक्का या नळाच्या झडपेला लागला. साचलेले विमानाचे इंधन बोगद्यात सांडले आणि आरमाराच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत पोहोचले. आठवड्याभराने घराघरांतून तक्रारी येऊ लागल्या : नळाच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो. हा पाणीपुरवठा सुमारे ९३,००० लोकांचा होता. कुणाचे डोके दुखू लागले, कुणाला उलट्या झाल्या, कुणाच्या अंगावर पुरळ उठले. हजारो कुटुंबांना हॉटेलांत हलवावे लागले. आरमाराने विहीर २८ नोव्हेंबरला बंद केली. इंधन भूजलातून आपल्याकडे सरकेल या भीतीने होनोलुलू शहराच्या पाणीखात्यानेही जवळची आपली हालावा येथील विहीर बंद केली.

राज्याच्या आरोग्य खात्याने डिसेंबरमध्ये आरमाराला टाक्या रिकाम्या करण्याचा आदेश दिला. आरमाराने आधी त्याला विरोध केला. पण मार्च २०२२ मध्ये संरक्षण खात्याने रेड हिल कायमचे बंद करण्याचे जाहीर केले. जाहीर झाले तरी झडप उघडून इंधन लगेच सोडता येईना. ज्या नळांतून ते बंदराकडे न्यायचे त्यांचीच खात्री नव्हती. आधी नळ, सांधे आणि झडपा एकेक करून तपासाव्या लागल्या, दोनशेहून अधिक दुरुस्त्या कराव्या लागल्या. इंधन काढायला सुरुवात झाली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि मार्च २०२४ पर्यंत सुमारे १० कोटी ४० लाख गॅलन इंधन डोंगराबाहेर निघाले.