वरंधची भजी, शिवथरची घळ

पुण्याहून भोरमार्गे महाडकडे निघालेली गाडी वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी थांबली नाही, असं सहसा होत नाही. टपऱ्यांवर कांदाभजीचा घाणा पडत असतो, चहा उकळत असतो, आणि कठड्यावरची माकडं आपल्या हातातल्या कागदाकडे डोळे लावून बसलेली असतात. आपण उभे आहोत ते कावळ्या किल्ल्यात, हे भज्यांच्या नादात कुणाच्या गावीही नसतं. घाटरस्ता किल्ला चिरूनच काढलाय.

भजी गरम असतानाच संपवावीत. एरवी हा सल्ला आज्या देतात, पण त्यामागे चोख भौतिकशास्त्र आहे. पाणी १०० अंशांना उकळतं आणि कढईतलं तेल त्याहून कितीतरी तापलेलं असतं. पीठ तेलात पडताच त्यातल्या पाण्याची वाफ होते, बुडबुड्यांनी बाहेर धावते आणि मागे पोकळ्या ठेवून जाते. कुरकुरीतपणा तो हाच. घाटातल्या ढगात उभं राहिलात तर तीच कोरडी पापडी हवेतली ओल पिऊन दहा मिनिटांत मऊ पडते.

आता कागद चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाका (माकडांना नको) आणि समोरच्या दरडीवरून हात फिरवा. सह्याद्रीचा हा काळा दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला लाव्हा. वर येताना त्याच्यावरचा दाब उतरला, आत विरघळलेले वायू सुटले, आणि थर थिजला तेव्हा माथ्याकडचे बुडबुडे आतच अडकले. थेट भज्यासारखं! फरक एवढाच की पुढे दगडात झिरपलेल्या पाण्याने त्या भोकांत खनिजं भरली. काळ्यात दिसणारे पांढरे ठिपके बहुधा झिओलाइटचे असतात.

ही भोकं नुसती शोभेची नाहीत. बुडबुड्यांचा सच्छिद्र दगड लवकर कुजतो, भरीव दगड तग धरतो. कड्यात भरीव थराखाली असा कच्चा थर आला की पाणी, ओल आणि झाडांची मुळं मिळून तो आतून पोखरतात. वरचा मात्र छतासारखा लोंबकळत राहतो. वरून ओढा पडत असेल तर काम आणखी झपाट्याने होतं. सह्याद्रीत अशा कपारी जागोजाग आहेत. शिवथरची घळ त्यांतलीच एक.

घाट उतरून बारसगावाजवळून आत वळलं की शिवथर. पायऱ्या चढताना आधी आवाज येतो, मग तोंडावर तुषार, आणि धबधब्यापाशी घळीचं तोंड. समर्थ रामदासांनी इथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. आत दोघांच्या मूर्ती आहेत. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३०मध्ये ही जागा शोधून काढली. तोवर ती समर्थभक्तांच्याही विस्मरणात गेली होती. एवढ्या गर्जणाऱ्या जागेचा पत्ता हरवू शकतो, याचं मला आजही नवल वाटतं.

एवढं पाणी येतं कुठून? समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीवर आपटतो, वर चढता चढता थंड होतो आणि ओझं इथेच उतरवतो. जवळच्या महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगराआड असलेल्या पुण्याच्या वाट्याला साधारण सातशे.

जुलैत लोक धबधब्याला पाठ करून फोटो काढतात आणि निघतात. माझं मत विचाराल तर पोरांना हिवाळ्यात न्या. पाणी आटलेलं असतं, गर्दी नसते, कड्यातले थर उघडे दिसतात. ‘बाबा, हे छत पडत कसं नाही?’ हा प्रश्न तेव्हाच येतो. पावसातच जायचं असेल तर आधी चौकशी करा, कारण वरंध घाट पुष्कळदा बंद असतो. मग ताम्हिणीने माणगाव आणि तिथून महाड. भजी त्याही वाटेवर मिळतात.