घरांतील मौन आणि वयांत येणारीं मुलें



वयांत येणाऱ्या मुलामुलींच्या कामजीवनाविषयीं उघड बोलणें आजही पुष्कळांस अप्रशस्त वाटतें. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून याच संकोचाशीं झगडा मांडला. त्यास आतां शतक होत आलें, तरी घरोघरचें मौन भंगलेलें नाहीं.

या वयांतील निर्णय केवळ माहितीनें होत नाहींत. ते नात्यांच्या ओढीनें होतात. प्रीतीचें माणूस 'माझ्यावर विश्वास नाहीं का?' असें विचारतें, तेव्हां नकार देणें किंवा निरोधाचा विषय काढणें अविश्वासाचें वाटूं लागतें. जोडीदार वयानें मोठा असल्यास हा दाब अधिकच वाढतो. 'नाहीं' म्हटल्यानें माया आटत नाहीं हें जी मुलगी घरीं शिकली, तिला अशा वेळीं ठाम राहणें सोपें जातें. आईच्या शब्दाचा बाप मान राखतो हें ज्या मुलानें पाहिलें, त्यासही दुसऱ्याचा नकार ऐकूं येतो.

शिक्षकाच्या पेशांत मीं पुष्कळ मुलें पाहिलीं. धाकांत वाढलेलीं मुलें कमी चुकतात असें नव्हे. तीं कमी सांगतात. आणि येथें न सांगण्याची किंमत फार मोठी आहे. संबंधानंतरची तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आंत, तीही जितकी लवकर तितकी गुणकारी. पाळी चुकूनही मुलगी भीतीनें दोन-तीन महिने गप्प राहिली, तर सोपा उपाय अवघड होऊन बसतो. शिवाय १८ वर्षांखालील मुलीच्या गर्भपातास कायद्यानें पालकाची लेखी संमति लागते. म्हणजे ज्यांच्यापासून ती लपवीत असते, त्यांच्याच दाराशीं तिला बहुधा यावें लागतें. २०१२ च्या कायद्यान्वयें १८ वर्षांखालील व्यक्तीची शरीरसंबंधास संमति ग्राह्य धरली जात नाहीं, हेंही मुलांनीं पोलिसांकडून नव्हे, आईबापांकडून ऐकावें.

बोलल्यानें मुलें बिघडतील, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु युनेस्कोच्या २०१८ सालच्या मार्गदर्शिकेंत निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा आढावा घेऊन असें नमूद केलें आहे कीं, अशा शिक्षणानें मुलांतील शरीरसंबंध वाढत नाहींत.

आपणांस बोलवत नसेल, तर महाराष्ट्रांत सरकारी रुग्णालयांतून किशोरवयीनांसाठीं 'मैत्री' केंद्रें चालतात; तेथें मुलांस न्यावें. परंतु पहिला प्रश्न घरांतच येईल. 'आई, पाळी चुकली आहे' असें मुलीनें म्हटल्यास आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल, तो आजच ठरवून ठेवावा.