पहिल्या सत्रांत मुलें काय शिकतील?



आमच्या सोलापूर जिल्ह्यांत जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि दिवाळीच्या सुटीपर्यंत पहिलें सत्र चालतें. या काळांत प्राथमिक शाळेंतील मुलांनीं काय शिकावयाचें असतें, हें पुष्कळ सुशिक्षित घरांतही नीटसें ठाऊक नसतें. नवीं पुस्तकें येतात, त्यांस वेष्टणें चढतात, आणि पुढची चौकशी एकदम निकालाच्या दिवशीं होते. पहिली ते चौथीच्या मुलास हल्लीं नापास करून मागें ठेवीत नाहींत. तेव्हां कच्चें राहिलेलें मूल कोणाच्या ध्यानांत न येतां वरच्या इयत्तेंत जाऊं शकतें. म्हणून घरच्या माणसांनीं काय पाहावें, तें आज सांगावयाचें आहे.

प्रथम भाषा. केंद्र सरकारनें ५ जुलै २०२१ रोजीं 'निपुण भारत' योजना सुरू केली. तिचीं लक्ष्यें सरळ आहेत. पहिलीच्या अखेरीस मुलानें चार-पांच सोप्या शब्दांचें, पूर्वी न पाहिलेलें वाक्य वाचावें. दुसरीच्या अखेरीस मिनिटास ४५ ते ६० शब्द, आणि तिसरीच्या अखेरीस निदान ६० शब्द समजून वाचावे. पुस्तकांतील धडा मुलें डोळे मिटूनही म्हणतात. तें पाठांतर झालें, वाचन नव्हे. खरी पारख करावयाची तर दुकानावरील पाटी किंवा वर्तमानपत्रांतील मथळा पुढें करावा, आणि वाचून झाल्यावर 'यांत काय सांगितलें आहे?' असें विचारावें.

गणितांत पहिलीस ९९, दुसरीस ९९९ व तिसरीस ९,९९९ पर्यंतच्या संख्या लिहितां-वाचतां आल्या पाहिजेत. येथें मराठी मुलापुढें एक खास अडचण उभी राहते. 'पंचवीस' म्हणतांना पांच आधीं ऐकूं येतात व वीस मागून; लिहितांना मात्र दोन आधीं येतो. म्हणून मूल २५ च्या जागीं ५२ लिहितें. 'एकोणतीस' या शब्दांत तर तीस ऐकूं येतात आणि लिहावयाचा असतो दोन! हें ओळखून २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणितपुस्तकांत जुन्या वाचनाच्या जोडीस 'वीस एक' अशा धर्तीचें वाचन दिलें गेलें. त्यावर मोठा वाद माजला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनीं त्याचें समर्थन केलें होतें. सोलापूरकरांस तरी ही रीत परकी वाटूं नये. कानडींत पंचविसास 'इप्पत्तैदु' व तेलुगूंत 'इरवै ऐदु' म्हणतात. दोन्हींत वीस आधीं, पांच मागून. 'पंचवीस' हा शब्द मुलास आला पाहिजेच. परंतु दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे व पांच सुट्या काड्या हातीं देऊन तो शिकवावा. चुकलेल्या मुलास मठ्ठ म्हणूं नये. त्याच्या कानानें बरोबरच ऐकलेलें असतें.

इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. या वयांत ती ऐकावयाची व बोलावयाची भाषा असावी. पाहुण्यांपुढें मुलास उभें करून कविता म्हणवून घेणें, हा तिचा अभ्यास नव्हे.

राहिला परिसर. त्याचें पुस्तक गांवच असतें. शाळा उघडल्यावर थोड्याच आठवड्यांत आषाढी वारीची ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आमच्या वेळापुरास मुक्कामास येते. वारकरी कोठून निघाले, कोणत्या गांवांवरून आले, पंढरपूर कोणत्या दिशेस, इतक्या लोकांस पाणी कसें पुरविलें, या प्रश्नांत भूगोल, गणित व आरोग्य तिन्ही आलीं. येथील अर्धनारी नटेश्वराचें यादवकालीन मंदिर म्हणजे इतिहासाचा धडा. सरळ बाजूंचें भांडें अंगणांत ठेवून रोजचा पाऊस पट्टीनें मोजला, तर सोलापुराकडे जूनपेक्षां सप्टेंबरांत अधिक पाऊस कां नोंदला जातो, याची चौकशी मूल आपण होऊन करील. शहरांतील मुलास हीच संधि बाजार, तलाव व रेल्वेस्थानक देतील.

इतक्या गोष्टींस रोज संध्याकाळचीं पंधरा मिनिटें पुरतात. गणेशोत्सवाच्या सुमारास एकदां वाचन व संख्यालेखन तपासून पाहावें. मूल मागें दिसलें, तर त्याच आठवड्यांत शिक्षकांस भेटावें. तेव्हां सत्र संपावयास अजून अवकाश असतो. तिसरीपर्यंत वाचन न साधलेल्या मुलास पुढें गणिताचें उदाहरणही वाचतां येत नाहीं, आणि मग आपण म्हणतों, याला गणित येत नाहीं.