घर पाहावं... वारं बघून!

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपण म्हणतो खरं. पण घर कुठे बांधायचं, हे आपल्यातल्या किती जणींना कुणी विचारलेलं असतं? माझंच सांगते. माहेर कराडचं. कृष्णा-कोयनेच्या संगमावर पोहत मोठी झाले. लग्न झालं आणि सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आले. उन्हाळ्यात तिथे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. पोहणं सुटलं, आणि ते सुटलंय हे लक्षात यायलासुद्धा बरीच वर्षं गेली. घर शाळेजवळ होतं, यांच्या ऑफिसजवळ होतं, सासूबाईंच्या देवळाजवळ होतं. माझ्या कशाच्या जवळ होतं, असा प्रश्नच तेव्हा नव्हता.

त्यामुळे २०२३ मध्ये माझी भाची अमेरिकेतून फोनवर म्हणाली, “मावशी, आम्ही घर बदलायचं म्हणतोय, वाऱ्यासाठी,” तेव्हा मला वाटलं, दम्याबिम्याचा त्रास सुरू झाला की काय! म्हटलं, “हवा बदलायची आहे का गं?” तर ती हसायला लागली. “हवा नाही गं, वारा. पतंगाला लागतो तो.”

भाची आणि जावई पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरोत राहायचे. ऑरेगन राज्यात. चिप बनवणारे मोठाले कारखाने तिथे आहेत, त्यामुळे आपली मंडळीही खूप. गणपतीला मोदक, दिवाळीला फराळ, हाकेच्या अंतरावर इडलीचं पीठ, सगळं आहे. जावई तिथेच नोकरीला. सहा वर्षांची नात. माझ्या बहिणीला वाटायचं, लेकीचं सगळं मार्गी लागलं. आणि ही म्हणत होती, शंभर-सव्वाशे किलोमीटर लांबच्या एका आठ-साडेआठ हजार वस्तीच्या गावात जायचं, कारण तिथे वारा आहे आणि वर डोंगरात बर्फ आहे.

बहिणीने मला मध्ये घातलं. “तू जातेच आहेस तिकडे, तर तिला समजाव. वाऱ्यासाठी कुणी घर घेतं का?” मी निघाले ती समजावायलाच.

त्या गावाचं नाव हूड रिव्हर. कोलंबिया ही तिकडची अवाढव्य नदी कॅस्केड पर्वताची रांग फोडून पश्चिमेला समुद्राकडे जाते. तिच्या त्या खोल दरीत हे गाव वसलंय. जावयांनी मला वाऱ्याचं गणित फार छान समजावलं. म्हणाले, “मावशी, दोन खोल्या आहेत असं समजा. पश्चिमेची खोली समुद्राकडची, थंड. पूर्वेची खोली म्हणजे कोरडा मुलूख, उन्हाळ्यात चुलीसारखा तापणारा. मध्ये पर्वताची भिंत, आणि त्या भिंतीला हे एकच दार.” पूर्वेकडची तापलेली हवा वर जाते, तिथला दाब कमी होतो आणि समुद्राकडची गार हवा या दारातून आत घुसते. उन्हाळा तापला की दुपारनंतर असा काही वारा सुटतो की माझी ओढणी मला दोन्ही हातांनी धरावी लागली. आणखी एक गंमत आहे. नदी वाहते पश्चिमेला आणि वारा येतो पश्चिमेकडून, म्हणजे प्रवाहाच्या बरोब्बर उलटा. त्यामुळे पाण्यावर समुद्रासारख्या लाटा उठतात. शिवाय वाऱ्याने तुम्हाला पूर्वेला ढकललं तरी प्रवाह परत आणून सोडतो. शिकणाऱ्याला यापेक्षा काय पाहिजे!

आता हा खेळ काय आहे तेही सांगते. काइटबोर्डिंग. पायाखाली एक फळी, कमरेला जाड पट्टा, आणि त्या पट्ट्याला वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोऱ्यांवर बांधलेला भला मोठा पतंग. आपला संक्रांतीचा पतंग आपण ओढतो, हा पतंग माणसाला ओढतो! त्याच्या पुढच्या कडेला हवा भरलेली नळी असते, म्हणून तो पाण्यात पडला तरी बुडत नाही, पुन्हा उडवता येतो. ही युक्ती फ्रान्समधल्या लेगेन्यू बंधूंची. त्यांनी १९८४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. हूड रिव्हरचाही या खेळात वाटा आहे. तिथल्या कोरी रोझलर या तरुणाने, विमान कंपनीत इंजिनीअर असलेल्या वडिलांच्या मदतीने, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पायात पाण्यावरच्या स्की घालून, हातात पतंग धरून या नदीत धावायला सुरुवात केली होती. लोक वेड्यात काढत असणार! २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हा मला उगाचच आपल्या गावचं कुणी खेळतंय असं वाटत होतं.

बर्फाचं म्हणाल तर गावातून दक्षिणेला मान वर केली की माउंट हूड दिसतो. सव्वाअकरा हजार फुटांच्या आसपास उंची, बारा महिने डोक्यावर पांढरी टोपी. गावापासून साधारण पंचावन्न किलोमीटरवर माउंट हूड मेडोज नावाचं स्कीइंगचं ठिकाण आहे. संध्याकाळी दिवे लावून तिथे रात्रीही घसरता येतं. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला टिंबरलाइन लॉज. मंदीच्या काळात बेकारांच्या हातांना काम म्हणून सरकारने बांधलेली ही दगड-लाकडाची वास्तू. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट स्वतः तिच्या उद्घाटनाला आले होते. तिच्यावरच्या उतारावर जूनमध्येही लोक स्कीइंग करतात. म्हणजे सकाळी बर्फ आणि दुपारी पतंग, एकाच दिवशी! आपल्याकडे गुलमर्गला, औलीला बर्फ आहे, गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर हे पतंगही उडतात. पण एका दिवसात दोन्ही करायचं मनात आणणंसुद्धा कठीण.

भाचीने वही काढून दाखवली. तिने किती गावांचा विचार केला होता! सॅन फ्रान्सिस्कोला वारा उत्तम, पण बर्फ साडेतीन-चार तासांवर आणि घरांच्या किमती ऐकून चक्कर यावी. सॉल्ट लेक सिटीला बर्फ अगदी दाराशी, पण वाऱ्याचा असा भरवसा नाही. कॅनडातलं स्क्वॉमिश, तिथे वाराही आणि व्हिसलरचा बर्फही तासाभरात. पण दुसरा देश, व्हिसाची नवी भानगड. मी म्हटलं, “अगं, इथे हिल्सबरोत राहूनही जाता येतंच की! दीड-दोन तासांचा रस्ता. दर शनिवारी जा.”

तिने जे उत्तर दिलं ते मी अजून विसरले नाही.

“मावशी, बर्फ थांबतो. मंगळवारी पडला तर शनिवारपर्यंत राहतो. वारा थांबत नाही.”

नातीच्या जन्मानंतर तीन वर्षं ती पाण्यात उतरलीच नव्हती. मग पुन्हा सुरू केलं ते शनिवारचं. पहाटे उठून पोरीचा डबा, दुपारचा स्वयंपाक, मग गाडीवर सामान लादून दोन तास. तिथे पोचावं तर नदी आरशासारखी शांत. संध्याकाळी तसंच कोरडं परत. आणि मंगळवारी दुपारी चार वाजता, ती मीटिंगमध्ये असताना, फोनवर वाऱ्याचे आकडे वर चढताना दिसायचे. त्या उन्हाळ्यात असे अकरा शनिवार गेले, त्यातल्या तीनच दिवशी पतंग उडाला. जावई वाईट नाहीत हो. तेच म्हणायचे, “जा की तू, मी पोरीला सांभाळतो.” पण परवानगी मिळणं आणि जाता येणं यात किती अंतर असतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. भाचीच्या वहीत म्हणून एक ओळ मोठ्या अक्षरांत होती : वाऱ्याजवळ राहायचं, बर्फाला गाडीने जायचं. तिकडे जूनमध्ये नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. नोकरी संपवून पाच वाजता निघालं आणि पाच मिनिटांत नदी आली, तर अख्खी संध्याकाळ हातात!

आम्ही तिघं घरं बघायला हिंडलो. एजंटबाईंनी स्वयंपाकघर दाखवायचं आणि भाचीने खिडकीतून झाडांचे शेंडे किती हलतात ते बघायचं! साध्या तीन खोल्यांच्या घराला सहा-सात लाख डॉलर सांगत होते. मला धक्काच बसला. भोवती सगळी फळबागांची खोरी. नासपती, सफरचंद, चेरी. विशेषतः नासपतीसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. एका चेरीच्या बागेत आम्ही थांबलो. तिथे काम करणाऱ्या मेक्सिकोकडच्या बाया अगदी आपल्या द्राक्षबागेतल्या बायांसारख्या, डोक्याला रुमाल बांधून. त्या कुठे राहत असतील, हा विचार काही माझी पाठ सोडेना. पूर्वी हे लाकूडगिरण्यांचं आणि बागांचं गाव. १९८० च्या दशकात शिडाच्या फळीवाले आले, मग पतंगवाले आले, मग हौशी पैसेवाले आले आणि घरं हाताबाहेर गेली. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घरांवर गावाला नियम करावे लागले ते काही उगाच नाही. हे मी भाचीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, “माहितेय. म्हणूनच आत्ता विकत घ्यायचं नाही, असं ठरवतोय आम्ही.”

ही जावयांची अट होती, आणि मला ती फार शहाणपणाची वाटली. आधी एक हिवाळा भाड्याने राहायचं. उन्हाळ्यात कुणालाही हे गाव आवडेल. जानेवारीत आवडलं तर खरं. कारण हिवाळ्यात ते दार उलटं वाहतं! पूर्वेकडची गोठलेली हवा दरीतून पश्चिमेला येते, वरून पाऊस पडतो आणि तो पडता पडताच काच होऊन बसतो. रस्त्यावर, तारांवर, झाडांवर. शिवाय वणव्याचं भय आहेच. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ईगल क्रीकला एका पोराने फेकलेल्या फटाक्याने आग लागली आणि दरीतला हमरस्ता कित्येक दिवस बंद होता. ही सगळी खातरजमा भाजीवाल्याकडे वांगी निवडावीत तशी निवडून करावी लागते.

शेवटी नदीपलीकडे व्हाइट सॅमनला, म्हणजे वॉशिंग्टन राज्यात, टेकडीवर एक वरच्या मजल्यावरची जागा वर्षभराच्या कराराने मिळाली. मध्ये १९२४ चा अरुंद लोखंडी पूल. गाडी गेली की खालची जाळी गुणगुणते. पायी चालायला त्यावर जागाच नाही. जायला-यायला टोल. जावई आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला जाणार, बाकी घरून काम. नातीची शाळा चालत दहा मिनिटं. इडलीचं पीठ आता घरी वाटायचं, एवढाच काय तो तोटा, असं मी म्हटलं तर जावई म्हणाले, “मावशी, आणि माझे चार तास?” बरोबरच होतं. कुणाच्या तरी वेळातूनच हा वारा आला होता. आजवर ते तास तिचे जात होते, आता आठवड्यातले दोन दिवस त्यांचे जाणार. तो हिशेब त्यांनी दोघांनी माझ्यासमोर, जेवणाच्या टेबलावर, आवाज न चढवता केला. मी उठून भांडी घासायला गेले. आमच्या पिढीत हा हिशेब टेबलावर कधी आलाच नाही.

परतण्याच्या आदल्या दिवशी आम्ही वाळूच्या दांड्यावर गेलो. हूड नदी कोलंबियाला मिळते तिथला हा दांडा. २००६ च्या नोव्हेंबरात डोंगरावरून चिखल-दगडांचा लोंढा आला, त्याने तो एवढा वाढला. भाचीने पतंग पसरला आणि पंप माझ्या हातात दिला. सायकलच्या पंपासारखाच, फक्त मोठा. मी हवा भरली! नऊ मीटरचा पतंग. वजनाने हलक्या बाईला लहान पतंग पुरतो म्हणे. एकटीने कधी उडवायचा नाही, समोरच्याने अंगठा वर केल्याशिवाय सोडायचा नाही, आणि जिवावर बेतलं तर एका झटक्यात पतंग सुटावा म्हणून छातीशी लाल मूठ असते, ती रोज तपासायची. हे सगळं तिने मला एखाद्या परीक्षेसारखं पाठ करून घ्यायला लावलं. मग एका अनोळखी बाईने पतंग धरला, अंगठा दाखवला आणि माझी भाची पाण्यावरून निघून गेली. किती वेळ ते माहीत नाही. मी सलवार गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उभी होते. पाणी बर्फाचं, पाय बधिर झाले. तरी बाहेर यावंसं वाटेना.

पहिला हिवाळा त्यांना जड गेला. जानेवारी २०२४ मध्ये सगळं गोठलं, रस्ता बंद, जावई मित्राकडे अडकले, आणि भाची व नात दोघी घरात अडकून. त्या रात्री तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती, आणि मी तिला परत जा म्हणणार होते. म्हटलं नाही. फेब्रुवारीत नातीचा फोटो आला. पायात इवल्याशा स्की, नाक लाल.

करार त्यांनी वाढवला. घर अजून घेतलेलं नाही, बघताहेत. मागच्या महिन्यात माझी बहीण तिच्याशी बोलत होती, मी शेजारीच बसले होते. दर वेळी तिचा पहिला प्रश्न असायचा, “परत शहरात कधी येणार?” त्या दिवशी ती म्हणाली, “काय गं, आज वारा आहे का तिकडे?”