सौम्य पक्षाघातानंतरची वाटचाल

बंगळूरमधील एखाद्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या गृहस्थाची कल्पना करावी. सकाळी कॉफीचा पेला उचलताना तो त्याच्या उजव्या हातातून निसटतो. बोलताना शब्द अडखळतात, ओठांची एक बाजू किंचित ओघळल्यासारखी दिसते. दुपारपर्यंत हातात पुन्हा बळ येते आणि दोन-तीन दिवसांत सहीदेखील पूर्वीसारखी करता येऊ लागते. पक्षाघाताला मराठीत ‘अंगावरून वारे जाणे’ असे म्हणतात. वारे आले आणि गेले, अशीच या गृहस्थाची व त्याच्या घरच्यांची समजूत होते. परंतु वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही समजूत धोक्याची आहे. लक्षणे ओसरली, तरी ज्या कारणाने ती उद्भवली ते कारण शरीरात तसेच राहिलेले असते.

पक्षाघाताचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. मेंदूला रक्त पुरविणारी रोहिणी गुठळीने बंद होणे हा पहिला, आणि रोहिणी फुटून मेंदूत रक्तस्राव होणे हा दुसरा. पहिल्या प्रकारात मेंदूचा बाधित भाग लहान असेल आणि हातापायांचा दुबळेपणा, बोलण्यातील दोष इत्यादी थोडक्यात निभावले असेल, तर त्यास सौम्य पक्षाघात म्हणतात. बाहेरून हे दोन्ही प्रकार सारखेच दिसू शकतात. म्हणून मेंदूचे सीटी स्कॅन होऊन रक्तस्राव नाही याची खात्री पटेपर्यंत घरी आपल्या मनाने ॲस्पिरिनची गोळी घेऊ नये. रक्तस्रावाच्या रुग्णाला तीच गोळी अपायकारक ठरू शकते. अशा वेळी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णाला तत्काळ रुग्णालयात नेणे हाच योग्य मार्ग होय.

बिंबाणूंचे कार्य

गुठळी कशी तयार होते हे समजल्यास उपचारांमागील तर्कही सहज उमगतो. रक्तात तांबड्या व पांढऱ्या पेशींखेरीज बिंबाणू, म्हणजेच प्लेटलेट, नावाचे अतिसूक्ष्म घटक असतात. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्यांची संख्या साधारणतः दीड ते साडेचार लाख असते. बोट कापले असता हे बिंबाणू जखमेपाशी गोळा होतात, परस्परांना चिकटतात व रक्तस्राव थांबवितात. त्यांच्यावाचून मनुष्य जगू शकणार नाही. तथापि वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि वाढते वय यांच्यामुळे रोहिणीच्या आतील अस्तरावर मेदाचे थर साचतात. असा एखादा थर फाटला की बिंबाणू त्यालाही जखमच समजतात आणि तेथे गोळा होऊ लागतात. जी क्रिया बोटाच्या जखमेत प्राण वाचविते, तीच मेंदूच्या रोहिणीत प्राणावर बेतते.

ॲस्पिरिन या जुन्या वेदनाशामक औषधाचा येथे उपयोग होतो. त्याच्या कार्याचे रहस्य ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडले व त्या संशोधनाबद्दल १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. बिंबाणूंना एकत्र येण्याची हाक देणारे एक रसायन बिंबाणूंमध्येच तयार होते. ॲस्पिरिन त्याची निर्मिती बंद पाडते. बिंबाणूंना केंद्रक नसल्यामुळे निकामी झालेले यंत्र ते पुन्हा उभारू शकत नाहीत. त्यांचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असते आणि अस्थिमज्जेतून दररोज नवे बिंबाणू रक्तात येत असतात. ७५ ते १०० मिलिग्रॅमची लहानशी गोळी पुरेशी का ठरते आणि ती रोज का घ्यावी लागते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर यात आहे. औषध थांबविल्यास आठवड्याभरात बिंबाणूंचा बहुतेक ताफा नवा झालेला असतो आणि संरक्षण उरत नाही.

दोन औषधे, नंतर एक

क्लोपिडोग्रेल हे दुसरे औषध बिंबाणूंच्या पृष्ठभागावरील वेगळ्या ग्राहीवर कार्य करते. दोन निरनिराळ्या वाटा अडविणारी ही औषधे एकत्र दिली तर अधिक लाभ होईल काय, हा प्रश्न साहजिकच होता. चीनमध्ये ५,१७० रुग्णांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य किंवा क्षणिक पक्षाघात झालेल्यांना चोवीस तासांच्या आत उपचार सुरू करण्यात आले. केवळ ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ११.७ टक्के लोकांना नव्वद दिवसांत पुन्हा पक्षाघात झाला. पहिले एकवीस दिवस दोन्ही औषधे व त्यानंतर फक्त क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांत हे प्रमाण ८.२ टक्के होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत दोन्ही औषधे नव्वद दिवस देण्यात आली. तेथेही पुन्हा होणारे पक्षाघात कमी झाले, परंतु गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण ०.४ टक्क्यावरून ०.९ टक्क्यावर गेले.

या आकड्यांतून उपचाराची आजची रीत निष्पन्न झाली आहे. धोका पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असल्याने तेव्हा दोन औषधांचा लाभ रक्तस्रावाच्या भीतीहून मोठा असतो. पुढे धोका कमी होत जातो, रक्तस्रावाची भीती मात्र औषध चालू असेपर्यंत राहते. म्हणून साधारणतः तीन आठवड्यांनी एक औषध बंद करून दुसरे दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर, चालू ठेवले जाते. व्यवहारात चुका दोन्ही बाजूंनी होतात. कोणी जुनी चिठ्ठी दाखवून दोन्ही गोळ्या वर्षानुवर्षे घेत राहतो, तर कोणी बरे वाटू लागताच दोन्ही सोडून देतो.

क्लोपिडोग्रेलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. यकृतातील एका विकराने त्याचे रूपांतर केल्यावाचून ते प्रभावी होत नाही आणि दक्षिण आशियाई वंशाच्या पुष्कळ लोकांमध्ये हा विकर आनुवंशिक कारणाने मंद असतो. आम्लपित्तासाठी सर्रास घेतले जाणारे ओमेप्राझोलही त्याच्या कार्यात अडथळा आणते. म्हणून चालू असलेल्या प्रत्येक औषधाची माहिती डॉक्टरांना देणे अगत्याचे आहे. हृदयाची लय अनियमित असल्यामुळे गुठळी झाली असेल, तर उपचाराची दिशाच बदलते. तेथे रक्त गोठण्याची क्रिया रोखणारी वेगळी औषधे लागतात.

गोळीच्या पलीकडे

बंगळूर शहराचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने, म्हणजेच निम्हान्सने, बंगळूर व परिसरातील १,०२,५५७ लोकांची घरोघर पाहणी केली. मज्जासंस्थेच्या एकूण विकारांचे प्रमाण शहरापेक्षा खेड्यांत जवळजवळ दुप्पट असल्याचे तीत आढळले. पक्षाघाताची कारणे शोधणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात याच शहरातील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांचा सहभाग होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ३२ देशांतील निष्कर्षांनुसार पक्षाघाताचा सुमारे नव्वद टक्के धोका बदलता येण्याजोग्या दहा घटकांशी निगडित आहे. उच्च रक्तदाब हा त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा. बिंबाणूंना आवरणारी गोळी घेतली, पण रक्तदाब मोजलाच नाही, तर रक्षणाचे काम अपुरे राहते. रक्तदाब व कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे, मधुमेहावर नियंत्रण, तंबाखूचा त्याग, जेवणात मीठ कमी आणि रोजचे चालणे ही सारी एकाच उपचाराची अंगे होत.

मुख्य अडचण सातत्याची आहे. वेदनाशामक गोळीचा गुण तासाभरात कळतो. ही गोळी घेऊन काहीच जाणवत नाही. न झालेला पक्षाघात कोणाला दिसत नाही, गोळ्यांचा खर्च मात्र दरमहा दिसतो. भारतातील ३१ केंद्रांवर ४,२९८ रुग्णांना घेऊन झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला लघुसंदेश, चित्रफिती व माहितीपुस्तिका देण्यात आल्या. त्या गटात औषधे नियमित घेण्याचे प्रमाण सुधारले. मात्र वर्षभरात पक्षाघात, हृदयविकाराचा झटका वा मृत्यू यांसारख्या घटना कमी झाल्या नाहीत. दोन्ही गटांत वीस जणांमागे सुमारे एकाला त्यांस सामोरे जावे लागले. धोका किती चिवट असतो, याची यावरून कल्पना येते.

बरे होणे म्हणजे केवळ हातापायांत बळ येणे नव्हे. सौम्य पक्षाघातानंतरही अनेकांना लवकर थकवा येतो, हिशेबात लक्ष लागत नाही, नावे आठवत नाहीत, विनाकारण रडू येते. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारणतः तिघांत एकाला केव्हा ना केव्हा विषण्णता ग्रासते. दिसायला धडधाकट असल्यामुळे घरच्यांना हा आळस वाटतो आणि रुग्णाला स्वतःची लाज वाटते. वस्तुतः ही दुखापत झालेल्या मेंदूची लक्षणे आहेत व त्यांवर उपचार होऊ शकतात. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असला, तरी ती त्यानंतरही होत राहते. दिवसाची कामे वाटून घेणे, मध्ये विश्रांती घेणे आणि हळूहळू भार वाढविणे हितावह असते.

काही खुणा कुटुंबातील प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. काळा शौच, न थांबणारा रक्तस्राव किंवा एकाएकी उठलेली तीव्र डोकेदुखी असल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे. दात काढण्यापूर्वी वा शस्त्रक्रियेपूर्वी गोळी आपण होऊन बंद करू नये. तो निर्णय डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे किंवा जीभ अडखळणे यांपैकी काहीही पुन्हा घडले, मग ते पाच मिनिटांत का थांबेना, तरी रुग्णालय गाठावे.

हातातून पेला निसटलेल्या त्या गृहस्थाला एक संधी मिळालेली असते. मोठा आघात होण्यापूर्वी शरीराने दिलेली ती सूचना असते. रोज सकाळी घेतलेली एक लहान गोळी आणि महिन्याकाठी तपासलेला रक्तदाब यांत ऐकण्या-सांगण्याजोगे काही नाही. परंतु अनेक वर्षांनंतरही तो गृहस्थ आपल्या हाताने कॉफीचा पेला उचलून तोंडी लावू शकेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्यांवरच अवलंबून असते.